धार, देवास आणि रविवारचा भूगोल

(यंदाच्या गणेशोत्सवात समाजाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, कीर्तनकारांनी तर रात्री जागवल्या. मी त्यांतला कोणी नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि वीसेक वर्षं नाल्या, पुलिया आणि मेजरमेंट बुक यांतच गेली. भूगोल दहावीला सुटला तो सुटलाच. तरी कार्यकारिणीनं मला उभं केलं, याचं कारण आपल्या याच हॉलमध्ये दोन वर्षं चाललेला रविवारचा वर्ग. नववी ते बारावीची दहा-बारा मुलं, सकाळी दहा ते साडेअकरा, विषय मानवी भूगोल. काही पालकांना वाटतं मी ट्यूशन घेतो, काहींना वाटतं मी मुलांना गावभर भटकवतो. दुसरं जास्त खरं आहे.

सुरुवात घरातच झाली. माझी मुलगी बारावीचं मानव भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं पाठ करत होती. रॅट्झेल असं म्हणतो, सेंपल बाईंनी अशी व्याख्या केली. पुढे दोन गोष्टी येतात. अबूझमाडच्या जंगलात राहणारा बेंदा आणि नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात राहणारी कारी. एक निसर्गाच्या कलानं जगतो, दुसरी बर्फात गाडीला वेगळे टायर लावून कामावर जाते. गोष्टी चांगल्या आहेत, माझी तक्रार नाही. पण मुलीला कारीच्या शहरातलं सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "आपण देवासला का राहतो?" ती म्हणाली, "तुमची बदली झाली म्हणून." मी म्हटलं, "बदली देवासलाच का झाली? इथे कचेरी का आहे? मुळात इथे गाव का आहे?" ती पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, हे येणार नाही."

"हे येणार नाही" हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. ते सांगतो, म्हणजे मला या विषयाची खाज का सुटली ते कळेल.

मी धारचा. माझी मावशी देवासला. १९९० च्या उन्हाळ्यात सुट्टीला मावशीकडे आलो तेव्हा देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी येत होतं. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. पाण्यानं भरलेल्या वॅगनींची गाडी बघायला आम्ही मावसभावंडं स्टेशनवर जायचो, जशी दुसरी मुलं सर्कस बघायला जातात. मावशी तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला ठेवायची आणि भांडी विसळलेलं तुळशीला घालायची. मी तेव्हा सहावीत जाणार होतो. धारला आमच्या घरामागे तळं, गावाला साडेबारा तळी आहेत असं म्हणायची पद्धत. आणि पाऊण दिवसाच्या प्रवासावर मावशीच्या गावात पाणी आगगाडीतून उतरतं! जुलैत शाळा उघडल्यावर मी सरांना विचारलं, "धारला तळी आणि देवासला रेल्वेचं पाणी, असं का?" सर भले होते, पण त्यांना धडा संपवायचा होता. "परीक्षेत येणार नाही, बस खाली." मी बसलो. पुढे डिप्लोमाला हायड्रॉलिक्स शिकलो, नोकरीत पाण्याचीच कामं केली, तेव्हा थोडं-थोडं उत्तर मिळत गेलं.

त्यामुळे वर्ग सुरू केला तेव्हा पहिल्या रविवारी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : धार आणि देवास, दोन्ही पवारांची गावं. मग देवास मोठं का?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण मुलांना चार रविवार पुरला. २०११ च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार आहे आणि धारची सुमारे ९४ हजार. म्हणजे तिप्पट. आता इतिहास बघा. धार ही भोजराजाची राजधानी. धारचं संस्थान देवासच्या थोरल्या आणि धाकट्या दोन्ही पात्या एकत्र केल्या तरी त्यांच्याहून मोठं. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच पाऊस, तेच पवार घराणं. मग देवासनं काय खाल्लं?

मुलांनी आधी पटापट उत्तरं दिली. एक म्हणाला, देवीची कृपा. मी म्हटलं, धारलाही कालिका माता आहे, कृपा समसमान धरू. दुसरी म्हणाली, हायवे. आग्रा-मुंबई रस्ता देवासच्या पोटातून जातो हे खरं. पण धारही इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर आहे. मग एकानं रेल्वेचा नकाशा आणला. देवास इंदूर-उज्जैन मार्गावर. धारला माझ्या सबंध शाळकरी वयात रेल्वे नव्हती, इंदूर-दाहोद मार्गाचं भूमिपूजन २००८ साली झालं आणि काम अजून चाललेलंच आहे. मग कारखान्यांचा विषय निघाला. देवासला औद्योगिक क्षेत्र झालं, किर्लोस्करांचे पंप इथे होऊ लागले, चामड्याचे, गिअरचे कारखाने आले, सत्तरच्या दशकात नोटांचा छापखाना, म्हणजे बँक नोट प्रेस, आला. ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी यांतल्या एका फाटकातून आत गेलेलं आहे, त्यामुळे मुलांना घरी जाऊन विचारायला माणूस होता.

पण खरी गंमत पुढे आली. एका मुलानं विचारलं, "काका, पीथमपूर तर धार जिल्ह्यात आहे. मग धार श्रीमंत का नाही झालं?" या प्रश्नासाठी मी त्याला पेढा दिला. पीथमपूर आज देशातल्या नावाजलेल्या औद्योगिक वसाहतींत आहे. गाड्यांची चाचणी घेण्यासाठी तिथे ११.३ किलोमीटरचा जलदगती ट्रॅक झाला, २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कागदावर हे सगळं धार जिल्ह्यात. पण नकाशावर पट्टी ठेवा. पीथमपूर महूला आणि इंदूरला चिकटून आहे. तिथला कामगार सिनेमा बघायला, दवाखान्याला, मुलाच्या कॉलेजला इंदूरला जातो. जिल्ह्याची हद्द पटवाऱ्याच्या नकाशात असते, माणसाची हद्द त्याच्या पायात असते. मुलांना मी म्हटलं, धारच्या बसस्टँडवर एक तास उभे राहा आणि कोणत्या दिशेला किती बसगाड्या जातात त्याच्या खुणा करा. चौघे धारला नातेवाइकांकडे गेले होते, त्यांनी केल्या. इंदूरच्या रकान्यात खुणा मावेनात, बाकीचे रकाने रिकामे-रिकामे. पुस्तकात याला नगराचं प्रभावक्षेत्र म्हणतात. बसस्टँडवर उभं राहिलेल्या मुलाला तो शब्द पाठ करावा लागत नाही.

देवासमध्ये हद्दीचा आणखी एक नमुना आहे, जो दुसऱ्या गावांना मिळणार नाही. १७२८ पासून तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन पात्या, दोन्हींची राजधानी एकाच गावात. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता, त्याच्या 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकामुळे हा प्रकार साहेबांच्या देशातही पोचला. आम्ही मुलांना घेऊन जुन्या देवासात फिरलो आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं, थोरल्या पातीची हद्द कुठे संपायची? तिघांनी तीन ठिकाणं दाखवली. एक आजोबा तर भांडायलाच उठले. मुलं गोंधळली, पण मला तो गोंधळ फार आवडला. संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, रेषा पुसली गेली, तरी बोलण्यात ती अजून हलते आहे.

आता पाणी. माझा हा हक्काचा विषय, त्यामुळे थोडा वेळ घेणार आहे, घड्याळ दाखवू नका.

दुसऱ्या महिन्यात मी प्रश्न दिला : या हॉलच्या छपरावर पडलेला पाऊस शेवटी कुठे जातो? "गटारात," असं उत्तर आलं. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप आणली. पाणी भरून दोन टोकं धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, आणि जमिनीचा उतार फुटपट्टीनं मोजता येतो. साठ-सत्तर रुपयांची नळी. मुलांनी हॉलपासून नाल्यापर्यंत गल्लीचा उतार मोजला. पुढचं नकाशावर शोधलं. नाला क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे आपल्या छपरावरचं पाणी बंगालच्या उपसागरात. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या खातेगाव, नेमावरचं पाणी नर्मदेनं भडोचकडे, अरबी समुद्रात. एका जिल्ह्यात दोन समुद्र. धारचं तर याहून नवल. धार जिल्ह्याच्या उत्तरेचं पाणी चंबळेला, दक्षिणेचं विंध्याचा उतार उतरून नर्मदेला आणि सरदारपूरकडे मही नदीचा उगम, ती खंभातच्या आखाताला. तीन खोरी. मी ओल्या वाळूचा डोंगर करून त्यावर झारीनं पाणी घातलं आणि मुलांना बोटानं जलविभाजक रेषा काढायला लावली. हॉलची फरशी खराब झाली, त्याबद्दल सचिवांची माफी आधीच मागितली आहे.

असं विभाजकाजवळ, उंचावर वसलेलं गाव म्हणजे मोठी नदी दाराशी नाही. खाली काळा बसाल्ट खडक. त्याच्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. घागर भरली की भरली, उपसली की संपली. धारच्या जुन्या राज्यकर्त्यांनी हे ओळखून तळी बांधली. देवासमध्ये माणसं आणि कारखाने भराभर वाढले आणि भेगांतलं पाणी तेवढंच राहिलं. मावशीच्या आगगाडीचं उत्तर मला असं मिळालं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं शेतात आहे. आपले आजोबा सांगतात, मालव्यात पूर्वी पावसाळ्यात बरीच काळी रानं मोकळी ठेवायचे. जमीन चार महिने पाणी पिऊन घ्यायची आणि त्या ओलीवर गहू, हरभरा यायचा. मग सोयाबीन आलं. पावसाळ्यातही पीक, हातात रोख पैसा. कोण नाही म्हणेल? पण सोयाबीनमागून गहू घ्यायचा तर त्याला वरून पाणी पाहिजे, म्हणून ट्यूबवेल, मग जास्त खोल ट्यूबवेल. ज्या प्रांतात पावलोपावली पाणी अशी ख्याती, तिथे बोअरच्या गाड्या रात्री-बेरात्री खडखडू लागल्या. मुलांना मी विचारलं, यात चूक कोणाची? वर्गात मोठा वाद झाला. शेतकऱ्याची, सरकारची, तेल गिरणीवाल्याची, सगळ्यांची नावं निघाली. मी निकाल दिला नाही, कारण माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर ऑक्टोबरात आम्ही टोंकखुर्द तहसिलीत शेततळी बघायला गेलो. २००६ मध्ये तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी देवास जिल्ह्यात भागीरथ कृषक अभियान सुरू केलं. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला एक छोटा हिस्सा देऊन तळं खणायचं, त्याला नाव दिलं रेवासागर. यातली मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. सरकारी योजना साधारण सर्वांत गरीब शेतकऱ्यापासून सुरू करायची पद्धत आहे. इथे आधी मोठ्या जमीनदार शेतकऱ्यांना गाठलं, कारण सगळ्यांत जास्त बोअर त्यांचेच आणि कोरडे पडलेलेही त्यांचेच. त्यांनी पदरचे पैसे घालून खणलं, ते पाहून इतरांनी. जिल्ह्यात हजारो तळी झाली. मी शासनाचा नोकर आहे म्हणून शासनाची तारीफ करतो असं समजू नका, ज्या कामांची तारीफ करता येत नाही त्यांची यादीही माझ्याजवळ आहे.

तळ्याच्या काठावर बसून मुलांकडून गणित करून घेतलं. एक हेक्टर शेत, वर्षाचा पाऊस सुमारे एक मीटर धरा. दहा हजार घनमीटर पाणी. म्हणजे एक कोटी लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर दोन हजार टँकर, एका हेक्टरवर, आकाशातून, फुकट. मुलं गप्प झाली. मग एका मुलीनं विचारलं, "काका, नाशिकला मामाच्या शेततळ्यात प्लास्टिक घालतात आणि विहिरीचं पाणी भरतात, ते चांगलं की हे?" मी म्हटलं, तुझ्या मामाचं तळं टाकी आहे, पाणी साठवायची. इथली काळी चिकण माती स्वतःच पाणी धरते, आणि तळं भरतं ते पावसानं. पण मामाची द्राक्षं आणि इथला गहू यांची गरज एक नाही, तेव्हा मामाला लगेच फोन करून भांडू नकोस. तिनं तरी केला म्हणे.

आणि आज देवासच्या नळाला येणारं पाणी? त्यात नर्मदाही आहे. २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड झाली, नर्मदेचं पाणी सुमारे ३५० मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडलं. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी वीज खर्चून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावलं. हे चांगलं की वाईट ते मुलं ठरवतील, पण नळ उघडताना त्यांना हे माहीत असावं.

साधनं काय लागतात असं बरेच पालक विचारतात. फार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आता घरबसल्या मिळतात, इस्रोचं भुवन मोबाइलवर उघडतं, जनगणनेची जिल्हा पुस्तिका फुकट उतरवता येते. १९०८ चं लुआर्ड साहेबाचं माळव्याच्या संस्थानांचं गॅझेटिअर आहे, त्यात आपल्या भागाची पिकं, रस्ते, बाजार सगळं आहे. शंभर वर्षांपूर्वीचा आठवडी बाजार आज भरतो का, एवढा एक प्रश्न दोन रविवार पुरतो. बारावीच्या पुस्तकातही शोधलं तर आपला शेजार सापडतो. पडीक जमीन आणि पाणलोटाच्या धड्यात झाबुआ जिल्ह्याचा अभ्यास दिला आहे. मुलं तो पाच मार्कांसाठी पाठ करतात, झाबुआ धारच्या कुशीला लागून आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

धार जिल्ह्यातल्या बाघचं एकच सांगतो. बाघ प्रिंटची साडी आपल्या बायकांकडे आहे. ती छापणारे खत्री मूळचे सिंधचे. वस्ती करताना त्यांनी पाहिली ती नदी, कारण कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं आणि रंग खुलतो तो त्या पाण्यातल्या क्षारांनी. काळा रंग गंजलेल्या लोखंडातून, लाल तुरटीच्या जोरावर. गिऱ्हाईक आसपासचे भिल्ल-भिलाले. नदी, कारागीर आणि गिऱ्हाईक, तिघं एका ठिकाणी आले म्हणून बाघ. वर्गातल्या मुलींनी घरच्या साड्या आणल्या आणि नकाशाच्या शेजारी टांगल्या, त्या दिवशी हजेरी सर्वांत जास्त होती.

मग आलं स्थलांतर. मी मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारून आपल्या घराचा नकाशा काढा. मूळ गाव कोणतं, कोण निघालं, कशासाठी, मध्ये कुठे थांबलं. मुलांची समजूत अशी की आपले सगळ्यांचे पूर्वज भाला घेऊन घोड्यावरून आले. नकाशे आले तेव्हा घोडेस्वार एखाद-दुसरा. बाकी कोणी संस्थानात कारकून म्हणून, कोणी शाळामास्तर, कोणी वैद्य, कोणी नोटप्रेसच्या परीक्षेला बसून, कोणी किर्लोस्करांच्या कारखान्यात. एकाचे पणजोबा तर उज्जैनच्या यात्रेला आले ते परत गेलेच नाहीत. घरावर रुसून निघाले होते म्हणे. पुस्तकात हे कारण नाही. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसरे बाजीराव जन्मले तेसुद्धा आईबापांच्या धावपळीतच. आणि कुमारजी? कुमार गंधर्व बेळगावकडचे, ते देवासला आले ते क्षयाच्या आजारात, कोरड्या हवेसाठी. हवामान माणसाला कुठून कुठे नेतं याला याहून मोठा दाखला देवासमध्ये शोधायला नको, आणि इथे आल्यावर माळव्याची लोकगीतं त्यांच्या गाण्यात शिरली तीही त्याच हवेची करणी.

नकाशाच्या दुसऱ्या बाजूला मी बाण काढायला सांगितले होते, आता घरातून कोण कुठे गेलं. पुणे, पुणे, बंगळूर, पुणे, इंदूर, ह्यूस्टन, पुणे. कोणी काही बोललं नाही. बाण बघून एक आजी मात्र म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा येताना माणसं जास्त होती."

आता जे सांगायचं म्हणून मी आज उभा राहिलो, ते सांगतो.

गेल्या वर्षी हॉलच्या शेजारी इमारतीचं काम चाललं होतं. मजूर धार जिल्ह्यातले, दहीकडचे. त्या दिवशी वर्गात हंगामी स्थलांतर होतं. ढकलणारी कारणं, ओढणारी कारणं, मी फळ्यावर दोन रकाने केले होते. एका मुलीनं विचारलं, "काका, हे लोक गुजरातलाच का जातात? इंदूर तर जवळ आहे." मी पुस्तकी उत्तर दिलं, जास्त मजुरी, उद्योग वगैरे. खिडकीशी एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता, साइटवरचा, हातात पाण्याचा डबा. तो म्हणाला, "उधर मुकादम पहले पैसा देता है." सगळे वळून बघू लागले. तो घाबरून निघाला, मुलींनी त्याला थांबवलं.

मग त्यानं सांगितलं. पाऊस संपता-संपता घरात दाणे संपतात, तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडायला जावंच लागतं. काका तिकडे आहे, म्हणून राहायला जागा मिळते. रात्रीची गाडी गावाजवळून निघते, इंदूरला जायचं तर दोन गाड्या बदलायच्या. आणि त्यानं गाडीचे थांबे म्हणून दाखवले. अलीराजपूर, छोटा उदेपूर, बोडेली, वडोदरा, पुढे राजकोटपर्यंत. आम्ही नकाशावर बोट ठेवत गेलो. एकही थांबा मागेपुढे झाला नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांना त्यातली दोन नावं माहीत होती.

मी वीस वर्षं मस्टरवर अशा माणसांची नावं पाहतो आहे. हजेरी, रोज, अंगठा. त्यांच्यापैकी कोणालाही मी हा प्रश्न विचारला नव्हता. शेजारी भिंत बांधणारी माणसं सोडून मी फळ्यावर रकाने काढत होतो.

तो पुढचे पाच रविवार आला. वाचायला अडखळायचा, चौथीनंतर शाळा सुटलेली. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर जायचा, होळीच्या आधी भगोरियाला परत यायचा, तोवर शाळेत नाव मागे पडलेलं. आमच्या मुलांनी त्याला इंग्रजी अक्षरं शिकवायचा घाट घातला, त्याला त्यात रस नव्हता. नकाशा मात्र त्याला फार आवडला. निसरपूर बुडालं त्याच्या आधीची आणि नंतरची उपग्रहाची चित्रं मी दाखवली. २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरला भरलं तेव्हाचं पाणी. धरणाच्या वादात मी इथे शिरत नाही, माझी नोकरी आहे. पण त्यानं त्या चित्रात बाजाराचा रस्ता दाखवला, "यहाँ मामा बैल बेचता था," आणि आमची मुलं पहिल्यांदा त्या निळ्या रंगाकडे नीट बघू लागली.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा मला माहीत आहे. मूल कुठूनही आलं तरी जवळच्या शाळेनं त्याला घ्यायचं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शाळा या हॉलपासून चारशे पावलांवर आहे. मी नेईन-नेईन म्हणत होतो. कामाचा तपासणीचा आठवडा होता, मग मार्च होता. आणि एक सांगतो, मी सिव्हिलचा माणूस आहे. साइटवरचं शटरिंग बघून मला कळत होतं स्लॅब कधी पडणार आणि हे मजूर कधी उठणार. बरोबर त्याच आठवड्यात ते उठले. रविवारी खिडकीशी कोणी नव्हतं. मी ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला, "गए साहब, दूसरी साइट पे." कुठे ते त्यालाही नीट सांगता येईना.

यंदा अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारपासून वर्ग पुन्हा सुरू करतो आहोत. कार्यकारिणीनं एक ठराव केला आहे, त्याबद्दल आभार. आसपासच्या साइटवरची मुलं वर्गाला येतील, त्यांच्यासाठी वेगळी सतरंजी टाकायची नाही, आणि ज्यांना शाळेत घालायचं असेल त्यांच्याबरोबर दाखल्याच्या कामाला आपल्यापैकी एक जण जाईल. पहिल्या तीन महिन्यांसाठी माझं नाव लिहिलं आहे. पुढच्या महिन्यांच्या रकान्यांत जागा आहे, कागद बाहेर प्रसादाच्या टेबलावर ठेवला आहे.

त्या मुलानं काढलेला नकाशा हॉलच्या कपाटात आहे, ज्याला बघायचा त्यानं बघावा. नदीचं एक वळण, वळणावर शाळा, शाळेमागे ताडाची तीन झाडं, एक हातपंप आणि रात्रीची गाडी थांबते तो फाटा. गावाचं नाव लिहायचं त्यानं सोडलं आणि मी विचारायचं. आपल्यापैकी कोणाचं कुक्षी-दहीकडे जाणं होत असेल तर जाण्याआधी तो कागद एकदा पाहून जा.

गणपती बाप्पा मोरया.